बोअरचं जड पाणी, मे महिन्याचं ऊन आणि पोरीला मासोळ्या पाहिजेत

कपाशीवाला (वणी तालुका)
नमस्कार. पोरगी सहावीत आहे. दिवाळीत तिला काचेचं गोल भांडं आणि दोन गोल्डफिश आणून दिल्या. दुकानदार म्हणाला, आठवड्यातून एकदा सगळं पाणी बदला, झालं. नवव्या दिवशी एक गेली, अकराव्या दिवशी दुसरी. पोरगी रात्री जेवली नाही. आता नीट टाकी घ्यायची आहे. पाणी बोअरचं, गंजाला (भांड्याला) पांढरा थर धरते. लाइन दिवसातून दोन-तीनदा जाते. उन्हाळ्यात घरात बसवत नाही. कोणती टाकी, कोणत्या मासोळ्या?

सिंदेवाहीची ताई
भाऊ, आधी पोरीला सांगा की तिचं काही चुकलं नाही. गोल्डफिश वीतभर वाढते आणि घाण फार करते. तेवढ्याशा भांड्यात तिच्याच विष्ठेचा अमोनिया तिला मारते. गोल भांडं लोणच्याला वापरा, मासोळीला नको.

टाकी दोन फूट लांब, एक रुंद, एक उंच घ्या. साधारण ५६ लिटर होते. लहान टाकीपेक्षा मोठी सांभाळायला सोपी, कारण पाणी लवकर तापत नाही आणि लवकर नासत नाही. भरल्यावर वजन पन्नास किलोच्या वर जाते, म्हणून टेबल मजबूत पाहिजे आणि खाली थर्माकोल. पश्चिमेच्या भिंतीला लावू नका.

जड पाण्याची काळजी सोडा. गप्पी, मॉली, प्लॅटी अशाच पाण्यात खुलतात. डासांच्या अळ्या खायला आरोग्य केंद्रवाले टाक्यांत सोडतात तीच गप्पी. सुरुवातीला पाच-सहा नर घ्या, रंग नरांनाच असते. मादी आणली तर महिन्या-महिन्याला पिल्लं होतील आणि ती कुठं ठेवायची हा प्रश्न पडेल. तलावात तर मुळीच सोडायची नाहीत. बोअरचं पाणी बादलीत रात्रभर ठेवून मगच ओता, ताज्या पाण्यात प्राणवायू कमी असते. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंग असेल तर क्लोरीन काढायचं औषध दुकानात मिळते, ते टाका.

मासोळ्या लगेच आणू नका. टाकीच्या तळाच्या गिट्टीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू वसतात, ते अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. त्यांना जमायला महिना-दीड महिना लागतो. तोवर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाका, ते कुजून होणाऱ्या अमोनियावर जिवाणू वाढतात. पुढे आठवड्याला चौथा हिस्साच पाणी बदला. स्पंज नळाखाली धुवू नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

मे महिन्यात झाकण काढून मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा आणि टेबल फॅनचा वारा पाण्यावर सोडा. दोन-तीन अंश उतरते. जेवढं पाणी आटेल तेवढं आरओच्या कॅनमधलं भरा, बोअरचं भरत राहिलात तर क्षार साचत जातात. लाइनसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या.

आणि तुम्ही कपाशीवाले, म्हणून हे कळकळीनं सांगते. धानावर फवारणी करून आलेल्या दिरानं माझ्या टाकीत हात घातला. संध्याकाळी सहा मॉल्या कुशीवर पडून गोल गोल फिरत होत्या. पहाटेपर्यंत एकही उरली नाही. कीटकनाशकाचा अंश मासोळीला पुरतो. फवारणीचे कपडे त्या खोलीत नको, धूर फवारणीवाले आले की हवेचा पंप बंद करून टाकी ओल्या कापडानं झाका. ते गेले की पंप आठवणीनं सुरू करा.

टाकीवाला (यवतमाळ)
फायटर मासा घ्या ना! तो वर येऊन हवा घेते, लाइन गेली तरी निभते. वीस लिटरात एक राहते.

सिंदेवाहीची ताई
खरं आहे, पण एकटाच ठेवा. दोन नर जीव घेईपर्यंत भांडतात, आणि गप्पीची लांब शेपटी दिसली की फाडते. शिवाय आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत त्याला हीटर लागते.

कपाशीवाला
ताई, नाल्यातली लहान मासोळी धरून टाकली तर चालते का?

सिंदेवाहीची ताई
नको. लहानपणी मरळ ओळखू येत नाही. मोठी झाली की बाकीच्या सगळ्या गिळते.

कपाशीवाला
दोन फुटी टाकी आणली. पोरगी रोज शाळेतून आली की रिकाम्या पाण्यात चिमूटभर खाद्य टाकते आणि कॅलेंडरवर खूण करते. आज तेरावी खूण झाली.