बिनलाडाची फुलबाग : तुमचे अनुभव सांगा

पुण्यात चौथ्या मजल्यावर आमची पश्चिमेची गॅलरी. 3 वर्षांत तिथे 11 गुलाब मारले. खत, छाटणी, फवारणी सगळं केलं. दिवाळीत आठ दिवस गावाला गेलो, परत येऊन बघतो तर नुसत्या काड्या. आणि गॅलरीच्या कोपऱ्यात, पाणी जायच्या भोकापाशी, चिमूटभर मातीत कुणी न लावलेली सदाफुली मजेत फुललेली! त्या दिवशी ठरवलं, लाड मागणारं झाड आणायचं नाही. तुमच्याकडे काय टिकलंय? नुसती नावं नकोत. ऊन किती, पाणी कोण घालतं आणि काय काय मेलं, तेही लिहा. मला तर मेलेल्यांची यादीच जास्त उपयोगी पडेल.

डोंबिवली, खिडकीची ग्रिल
ऑफिसटाइम, म्हणजे चिनी गुलाब. पसरट कुंडी, मातीत बरीचशी वाळू, दोन दिवसांआड पाणी. फांदी तोडून खोचली की लागते. ऊन चढलं की फूल उघडतं आणि दुपारनंतर मिटतं. मी सातची लोकल पकडते तेव्हा कळ्या, रात्री येते तेव्हा सुकलेलं. माझी बाग मला फक्त रविवारी दिसते, एरवी सासूबाई फोटो पाठवतात. पहिल्या पावसाळ्यात सगळं कुजलं होतं. आता जूनमध्ये चार फांद्या वेगळ्या डब्यात लावून छज्ज्याखाली सरकवते. कुंड्यांखालच्या बश्या काढून टाका बरं का, डास होतात.

रत्नागिरीजवळ, बंद घर
आमचं प्रकरण जरा टोकाचं. घर वर्षातून तीनदा उघडतं : शिमगा, मे महिना, गणपती. एरवी पाणी घालायला कुणीच नाही. आईच्या हातची अबोली आणि शेवंती ती गेल्यावर दोन उन्हाळ्यांत संपली. राहिलं ते जमिनीत दडी मारणारं. सोनटक्का उन्हाळ्यात पार वाळतो, गड्डे तेवढे जिवंत असतात. पाऊस लागला की पुन्हा छातीएवढा. गणपतीला दार उघडताना घराच्या कोंदट वासाआधी त्याचाच वास येतो. गुलबक्षीही तशीच, खालचा कंद राहतो, शिवाय मिऱ्यासारख्या काळ्या बिया जिथे पडतील तिथे उगवतात.

तेरड्याचं तर काय सांगू. बोंड पिकलं की हात लागताच फुटतं आणि बिया उडतात, त्यामुळे पुढच्या वर्षी कुठे यायचं ते तोच ठरवतो. गेल्या साली पायरीच्या फटीत आला. आमच्याकडे गौर तेरड्याचीच, मुळासकट उपटून आणतात. बी पडायला म्हणून चार रोपं राखतो, बस. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. आमची रजा तरी कुठे पाचाच्या वर असते?

नागपूर, गच्ची
मे महिन्यात 45 अंश, गच्चीवर पाय ठेववत नाही. बोगनवेलीला दोन वर्षं मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पानंच पानं! मग फेब्रुवारीत बहिणीच्या लग्नाच्या धावपळीत पंधरा दिवस विसरलो. पानं गळाली, मला वाटलं गेली. मार्चमध्ये अख्खी वेल राणी रंगाची. तो रंग फुलाचा नसतोच म्हणा, रंगीत पानंच ती; खरं फूल म्हणजे आतली बारीक पांढरी नळी. आता माती चांगली सुकल्याशिवाय पाणी नाही. मोगऱ्याला मात्र हे चालत नाही. त्याला पाणी रोज लागतं, संक्रांतीनंतर छाटणी लागते, कारण फूल नव्या फुटीवर येतं. एवढा एक लाड ठेवलाय.

कोल्हापूर
मे महिन्यात लाल चेंडू फुलतो ती लिली. हिवाळ्यात पानं वाळली, मेली समजून कुंडी शेजारच्या काकूंना देऊन टाकली. मे महिन्यात काकूंच्या दारात तीन चेंडू. परत मागता येत नाही.

ठाणे
जास्वंदीला कुणी बिनलाडाची म्हणू नका! पांढरा पिठ्या ढेकूण एकदा लागला की दर आठवड्याला साबणाचं पाणी फवारत बसा. मी ती काढून गोकर्ण लावला. बी रात्रभर भिजवून पेरलं आणि ग्रिलवर सोडून दिलं. फुलं देवाला, वाळलेल्या शेंगा शेजाऱ्यांना.

न्यू जर्सी
इथे पाण्यापेक्षा हरणांचा त्रास. पहिल्या वर्षी 40 ट्यूलिप लावले, वसंतात उगवले आणि दोन रात्रींत फस्त. डॅफोडिल विषारी, त्याला हरणं तोंड लावत नाहीत. ऑक्टोबरमध्ये, जमीन गोठायच्या आत कंद पुरायचे आणि विसरायचे, एप्रिलमध्ये पिवळंधमक. फुलं गेल्यावर पानं आपोआप पिवळी होईपर्यंत कापायची नाहीत, कंदाचं पोट त्यावरच भरतं. आमच्या यांना हे समजवायला दोन वर्षं गेली, लॉनमोवर दिसला की हात शिवशिवतात. मोगऱ्याची कुंडी थंडीत आमच्या बेडरूममध्ये असते. तो आपला पाहुणा.

पुणे, पुन्हा मीच
सदाफुलीच्या बिया गोळा करून चार कुंड्यांत टाकल्यात. जास्त पाण्याने तिचंही मूळ कुजतं, हे एक कुंडी घालवून कळलं. ग्रिलवर गोकर्ण चढवणार. रत्नागिरीकर, गणपतीला जाल तेव्हा सोनटक्क्याचा एक गड्डा आणाल का? पश्चिमेचं ऊन त्याला सोसेल का, तेही सांगा.