मदत हवी आहे: मुलाचा हातखर्च आणि दशांश

जय ख्रिस्त! आमचा मुलगा 13 वर्षांचा. महिन्याला 300 रुपये हातखर्च देतो. त्यातले 30 दशांशाचे (देवासाठी द्यायचा दहावा भाग) बाजूला काढून बाकीचा हिशोब त्याचा त्यानेच ठेवायचा, असं ठरलं होतं. गेल्या महिन्यात दशांशासकट सगळे वडापाव आणि मोबाइल गेममध्ये उडाले. लपवलं मात्र नाही, स्वतःहून सांगितलं. आता रागवायचं की शाबासकी द्यायची तेच कळेना! सासूबाई म्हणतात, पैसे देणं बंद करा. मला बायबलमधल्या लूक 15 च्या दाखल्यातला उधळ्या पुत्राचा बाप आठवतो. मुलाने मागितलेला मालमत्तेचा वाटा त्या बापाने दिलाच होता की. (अर्थात तो मुलगा शाळकरी नव्हता.) तुम्ही पुढच्या महिन्याचे पैसे दिले असते का? आणि बुडालेला दशांश त्याच्याकडून भरून घ्यावा, की मनापासून देईल तोवर थांबावं?