रिॲलिटी शोमधून आलेल्या मुलीचा अल्बम: करून द्यावा की ॲडव्हान्स परत करावा?

राजारामपुरीचा रेकॉर्डिस्ट

माझा कोल्हापुरात राजारामपुरीत छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भजनी मंडळं, शाळांची समूहगीतं, गणपतीत तालमींची गाणी आणि निवडणूक लागली की प्रचाराची गाणी, यावर घर चालतं. मागच्या महिन्यात करवीर तालुक्यातली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. हिंदीतल्या एका रिॲलिटी शोमध्ये ती काही आठवडे होती. गाण्याचा शो नव्हता, घरात कोंडून रुसवेफुगवे दाखवतात तसला होता. परत आल्यापासून गावात तिच्याबरोबर फोटो काढायला गर्दी होते. आता तिला चार गाण्यांचा पॉप अल्बम करायचाय, व्हिडिओसकट. सगळा खर्च मांडला तर आठ लाखांच्या घरात जातो. वडील म्हणाले, "उसाचं बिल आलंय, कमी पडलं तर सोसायटीतनं उचलतो." मी ॲडव्हान्स घेतला.

पहिल्या दिवशी एका मुखड्याचे अकरा टेक झाले. वरच्या सुराला गेली की गळा आवळायचा आणि सूर खाली यायचा. हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणायची, "काका, आता शेवटचा एकच म्हणतो, बघा." अकराव्यानंतर मीच थांबवलं. त्यातल्या त्यात बरा टेक घेतला, पिच करेक्शन (बेसूर जागा सुरात आणणारं सॉफ्टवेअर) लावलं, थोडा रिव्हर्ब (घुमारा) सोडला आणि स्पीकरवर वाजवला. ती काचेपलीकडून आत आली, ऐकलं आणि म्हणाली, "हे मी म्हटलंय?" डोळ्यांत पाणी होतं तिच्या. वडिलांनी माझे दोन्ही हात धरले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला सारखी हायडी मोंटॅग आठवत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एमटीव्हीवर 2006 ते 2010 'द हिल्स' नावाचा अमेरिकन रिॲलिटी शो होता, त्यातून ही बाई तिकडे घराघरात पोचली. मग तिने पॉप गायिका व्हायचं मनावर घेतलं. 2009 च्या मिस युनिव्हर्स सोहळ्यात गायली. जानेवारी 2010 मध्ये 'सुपरफिशियल' हा अल्बम आला. तिच्याच सांगण्याप्रमाणे त्यात जवळजवळ 20 लाख डॉलर घातले होते, स्वतःच्या खिशातले. पहिल्या आठवड्यात त्याच्या हजार प्रतीही खपल्या नाहीत. चेहरा लाखो लोकांना माहीत होता, शो चालू होता, मासिकांच्या मुखपृष्ठांवर ती होती, तरीही.

माझं म्हणणं एवढंच आहे. टीव्हीवरचं नाव माणसाला गाणं एकदा ऐकायला लावतं. दुसऱ्यांदा ऐकायला लावणं त्या नावाच्या हातात नसतं. आणि आपण ज्याचा खर्च मांडतोय तो सगळा त्या पहिल्या एका ऐकण्याचा आहे. मी ॲडव्हान्स परत करावा या मताचा झालोय. तुम्हाला काय वाटतं?

गंगावेस कट्टा

दादा, तुमचा जीव जळतोय हे कळतंय. पण एका मुखड्यावरनं पोरीचं भविष्य ठरवायला निघालाय, हे काय पटत न्हाई. तुम्ही परत केलं तर ती घरी बसणार न्हाई, पुण्यामुंबईला जाईल आणि तिथं आठाचे पंधरा लागतील.

आणि उदाहरण द्यायचं तर त्या अमेरिकन रॅपर कार्डी बीचं का देत न्हाई? तीबी रिॲलिटी शोमधनंच आली की. 'लव्ह अँड हिप हॉप' मधली भांडकुदळ पोरगी म्हणून लोक हसत होते तिला. 2017 ला तिचं गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत एक नंबरला गेलं आणि 2019 ला सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. एकल कलाकार म्हणून ते मिळवणारी पहिली बाई. तिलाबी कुणीतरी असाच ॲडव्हान्स परत दिला असता तर?

तुमच्या त्या हायडीचा अल्बमसुद्धा जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत आयट्यून्सवर, म्हणजे गाणी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, एक नंबरला गेलाय. ते का लिहिलं न्हाई?

राजारामपुरीचा रेकॉर्डिस्ट

लिहायला हवं होतं, बरोबर आहे. पण का गेला तेही सांगायला हवं. लॉस एंजेलिसच्या वणव्यात त्यांचं घर जळून गेलं. नवऱ्याने सोशल मीडियावर लोकांना विनंती केली की गाणी ऐका, विकत घ्या, आम्हाला तेवढाच आधार. लोक धावून आले. चांगली गोष्ट आहे, मला त्यात काही वाईट दिसत नाही. पण अल्बमला पंधरा वर्षं थांबावं लागलं आणि मधे घर जळावं लागलं. याला मी त्या मुलीच्या वडिलांसमोर आशा म्हणून कसं ठेवू?

आणि कार्डी बी शोमध्ये असतानाच मिक्सटेप, म्हणजे स्वतःच्या गाण्यांचे संच, काढत होती. 2016 मध्ये पहिली आली. रॅप ती आधीपासून करत होती. आपल्याकडचा एमसी स्टॅन घ्या. 2023 मध्ये बिग बॉस जिंकला, पण पुण्यातली पोरं त्याचं रॅप त्याच्या कितीतरी आधीपासून ऐकत होती. शोने त्याला रॅपर केला नाही. माझ्याकडे आलेली मुलगी शोच्या आधी शाळेच्या गॅदरिंगलाही गायलेली नाही, हे तिनेच सांगितलं.

हिशेबाची वही

गाण्यातलं मला कळत नाही, पैशातलं कळतं. पॅरिस हिल्टनचं उदाहरण इथे यायला हवं, कारण ते हायडीच्या अगदी उलट आहे. 2003 पासून तिचा रिॲलिटी शो होता, 2006 मध्ये अल्बम आला आणि बिलबोर्ड 200 या अमेरिकेतल्या अल्बमांच्या यादीत पहिल्याच आठवड्यात सहाव्या नंबरला गेला. पण मागे मोठी कंपनी होती, आणि घरची तर हॉटेलवाली. अल्बम पडला असता तरी तिच्या घरातली चूल विझणार नव्हती. एवढं होऊनही दुसरा अल्बम यायला 2024 उजाडलं. अठरा वर्षं!

आता आपल्या मुलीचं बघू. आठ लाखांतले गाण्यावर किती आणि व्हिडिओवर किती? माझ्या भाच्याने असाच एक व्हिडिओ केला होता. पन्हाळ्यावर ड्रोन, भाड्याची लाल गाडी, सहा डान्सर, त्यांचं जेवणखाण, मेकअप. गाणं करायला लागले त्याच्या पाचपट पैसे व्हिडिओला गेले. मग यूट्यूबवर जाहिरात लावून व्ह्यूज आणले. व्ह्यूज दिसले, पण जाहिरात थांबल्यावर आकडा तिथेच गोठला. अजून तिथेच आहे.

सोसायटीचं कर्ज पिकासाठी असतं. ते ड्रोनवर उडवलं तर पुढच्या हंगामात खत कशाने घालणार? ॲडव्हान्स परत करा असं मी म्हणत नाही. व्हिडिओ काढून टाका, चारचं एक गाणं करा. आणि पोरीला सांगा, कुठल्याही कंपनीच्या करारावर सही करायच्या आधी मास्टर रेकॉर्डिंगची (मूळ ध्वनिमुद्रणाची) मालकी कुणाकडे राहणार ते वाच. तिथे नाव कंपनीचं असेल तर गाणं चाललं तरी तिच्या हातात फारसं काही येत नाही.

पेटीवाल्या बाई

मी चाळीस वर्षं गाणं शिकवते आहे. मला या प्रकाराचं मनापासून वाईट वाटतं. ज्या गावात 1883 पासून गाण्याचा देवल क्लब आहे, जिथे शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात आणून ठेवलं, त्या गावातल्या मुलीला गाणं म्हणजे काय हे यंत्राने सांगावं? खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी आमलेट्याच्या दरबारात गाऊन गाऊन बसला. पूर्वीसारखा तो कधी परत आला नाही. जो उरला त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली आणि त्यातून जयपूर घराणं उभं राहिलं. स्वतःचा आवाज ओळखायला लागतो तो असा. तुम्ही त्या मुलीला तिचा आवाज ओळखायच्या आधीच दुसराच आवाज तिच्या हातात दिलात. रडली ती त्या दुसऱ्या आवाजासाठी.

एक विचारते. कोणत्या पट्टीत गायला लावलंत तिला?

मंगळवार पेठेतली

बाई, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. हे असं बोलणं ऐकत आमच्या पिढीतल्या किती मुली गाण्यापासून लांब राहिल्या, त्यातलीच मी एक. मला नववीत सांगितलं गेलं की तुझा गळा नाही. नंतर मी कधी बाथरूममध्येसुद्धा मोठ्याने गायले नाही. गळा होता की नव्हता, मला आजही माहीत नाही.

यंत्राचं म्हणाल तर याच कोल्हापुरात 1932 साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' केला, मराठीतला पहिला बोलपट. पार्श्वगायन तेव्हा नव्हतंच. दुर्गाबाई खोटे काही घराण्यातून तालीम घेतलेल्या गायिका नव्हत्या, पण तारामतीची गाणी त्यांनाच गावी लागली आणि त्यांनी गायली. समोर हरिश्चंद्र कोण, तर आपले गोविंदराव टेंबे, पेटीवाले! पेटीवाल्याने नायक व्हायचं, नटीने गायचं. त्या वेळी सगळेच जरा आपापल्या हद्दीबाहेर पाऊल टाकत होते. ऑटोट्यून, म्हणजे तेच सूर दुरुस्त करणारं यंत्र, 1997 पासून बाजारात आहे आणि पुढच्याच वर्षी शेर या अमेरिकन गायिकेने तो आवाज गाण्यात उघड-उघड वापरला. पॉपमध्ये तो आता पेटीसारखाच एक वाद्य म्हणून वापरतात. मग याच एका मुलीने तो वापरला की फसवणूक का?

आणि टीव्हीवर जाणं म्हणजे काहीतरी कमीपणाचं, हे तरी कशाला? अभिजीत सावंत 2005 मध्ये इंडियन आयडल जिंकला, गाण्यावर जिंकला. त्यालाही 2024 मध्ये बिग बॉस मराठीत जावंसं वाटलं आणि तो उपविजेता झाला. गळा असलेल्यालाही लोकांसमोर राहायला टीव्ही लागतो, तर जिच्याजवळ फक्त टीव्हीच आहे तिने त्याचा उपयोग करू नये?

राजारामपुरीचा रेकॉर्डिस्ट

मंगळवार पेठेतली ताई, नववीतली गोष्ट वाचून वाईट वाटलं. तुमच्या मुद्द्याचं उत्तर मात्र देतो, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे.

पिच करेक्शन दोन तऱ्हेने लावता येतं. हळू लावलं तर गायकाचा सूर जवळच्या सुराकडे अलगद ओढला जातो, मींड राहते, मुरकी राहते, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वेग शून्यावर आणला तर प्रत्येक अक्षर पायरीवर ठेवल्यासारखं बसतं, तो शेरवाला आवाज. पण दोन्हीत गाणाऱ्याचा सूर योग्य सुराच्या आसपास तरी असावा लागतो. माझ्याकडे त्या दिवशी निम्म्या जागी सूर शेजारच्याच घरात होता. मला हाताने एकेक अक्षर उचलून ठेवावं लागलं. उद्या कुणी तिला गावच्या जत्रेत माइक देऊन "म्हण बघू" म्हटलं तर ती काय करणार? माझी भीती ती आहे. लोक हसतील तिला, मला नाही.

गंगावेस कट्टा

जत्रेत म्हणायला आधी स्टेज पायजे. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं तेव्हा आम्ही पोरं बाहेर उभं राहून रडलोय. पन्नास माणसांसमोर चुकायची जागाच न्हाई राहिली. मग पोरं डायरेक्ट मोबाइलवर दहा लाख लोकांसमोर चुकतात.

गणपतीत आमच्या तालमीत एक संध्याकाळ देतो तिला. आमच्या पेठेतली पोरं हसणार न्हाईत, ही जबाबदारी माझी.

पेटीवाल्या बाई

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. पट्टी कोणती?

राजारामपुरीचा रेकॉर्डिस्ट

माफ करा बाई. ट्रॅक मी केलेला नाही, तयार आला. काळी पाच.

पेटीवाल्या बाई

आणि बोलते कशी ती? बारीक की भरदार?

राजारामपुरीचा रेकॉर्डिस्ट

भरदार. फोनवर तर मला पहिल्यांदा मुलगाच वाटला होता.

पेटीवाल्या बाई

मग काळी पाचमध्ये, एवढ्या वरच्या पट्टीत, तिचा गळा आवळणारच. खाली पांढरी पाचला आणा आणि परत म्हणायला लावा. दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून चालायला लावलंत आणि लंगडते म्हणून रडताय.

मंगळवार पेठेतल्या ताई, तुम्हाला नववीत जे कुणी तसं म्हणालं, त्यांनीही बहुधा पट्टी बघितली नसेल. आमच्या पेशाकडून हे घडतं, मी नाकारत नाही. माझा वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी असतो. वयाची अट नाही.

राजारामपुरीचा रेकॉर्डिस्ट

चार दिवसांनी लिहितोय. काल दोघांना बोलावलं. ट्रॅक तीन अर्धस्वर खाली आणला, काळी पाचवरून पांढरी पाच. ट्रॅक करणाऱ्या प्रोग्रामरला फोन करून बास परत वाजवून घेतला, कारण नुसता खाली ओढला तर तो चिखलासारखा वाजत होता. मुखड्याचे चार टेक झाले. चौथ्यात वरचा सूर लागला, सरळ, न आवळता. अंतऱ्यात अजून दोन ठिकाणी हलते. तो टेक मी काही न लावता तसाच स्पीकरवर वाजवला. या वेळी ती रडली नाही. दोन वेळा ऐकला आणि म्हणाली, "हितं आणि हितं चुकलोय. परत म्हणू?"

पट्टीच्या बाबतीत चूक माझी होती आणि ती तिच्या गळ्यावर ढकलत होतो, हे कबूल करतो. कर्जाच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. हिशेबाची वही यांचं म्हणणं वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "व्हिडिओ नसला तर लोक बघतील कशाला?" मी म्हटलं, बघणार नाहीत, ऐकतील. त्यांना ते पूर्ण पटलंय असं वाटत नाही. पण सध्या एकच गाणं ठरलंय. उरलेला ॲडव्हान्स आज परत दिला, सोसायटीत गेले नाहीत.

बाई, शुक्रवारी किती वाजता पाठवू?

पेटीवाल्या बाई

साडेपाचला. हेडफोन आणू नको म्हणावं.

मंगळवार पेठेतली

मीही येते. मागे बसेन.