विंडोज पुसलं तरी निळा पडदा विंडोजचाच: तीन जुन्या लॅपटॉपांवर लिनक्स चालू होईना

वाचनालय_खानापूर
नमस्कार. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. तिथलं छोटं वाचनालय मी सांभाळते. गावची मुलं पुण्याला, गोव्याला नोकरीला आहेत. त्यांनी घरात पडून असलेले तीन लॅपटॉप वाचनालयाला पाठवले. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या मशीनवर चढत नाही, म्हणून मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही सिस्टिम घ्यायचं ठरवलं. तिन्ही लॅपटॉपांची अडचण वेगळी आहे.

पहिला विंडोज ८ च्या स्टिकरचा, रॅम ४ जीबी. पेन ड्राइव्हवरून मिंट २२ सुरेख चालतं, वायफाय, आवाज सगळं. इन्स्टॉल करताना विंडोजचं मोठं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, पुसलं. शेजारी १०० एमबीचं एक छोटं होतं, ते कशाचं हे कळलं नाही म्हणून हात लावला नाही. इन्स्टॉल व्यवस्थित पूर्ण झालं. पण पेन ड्राइव्ह काढून चालू केला की निळा पडदा येतो, तुमचा पीसी दुरुस्त करावा लागेल म्हणून. विंडोज डिस्कवर उरलंच नाही, मग हा पडदा येतो कुठून? तीनदा इन्स्टॉल केलं, तीनदा हेच.

दुसरा सगळ्यात जुना, २ जीबीचा. पेन ड्राइव्ह लावला की काळ्या पडद्यावर ओळ येते, या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो, इथं फक्त आय६८६ सापडला. पुढं काही नाही.

तिसऱ्याने मला फार दमवलं. त्यावर मिंट बसलं, आठवडाभर चाललंही. मग एका सकाळी तारीख-वेळ चुकीची आहे, एफ१ दाबा असं आलं, आणि एफ१ दाबल्यावर बूट करण्यासारखं, म्हणजे मशीन ज्यावरून सुरू होईल असं, काही सापडलं नाही. परत इन्स्टॉल केलं, तीन दिवसांनी पुन्हा तेच. डिस्क गेली असेल का?

संध्याकाळी आठवी ते दहावीची मुलं येतात. त्यांना कीबोर्डला हात लावायला मिळावा एवढीच इच्छा आहे.

निपाणी_दुरुस्ती
बाई, आधी एक सांगतो, आता परत इन्स्टॉल करू नकासा. तीनदा बसवून तीनदा तेच येतंय म्हणजे बसवण्यात चूक न्हाई. बसलेलं मशीनला सापडंना. हे वेगळं दुखणं.

दुसऱ्याचं सोपं हाय. आय६८६ म्हंजे त्यो प्रोसेसर ३२ बिटचा. मिंट २२ फक्त ६४ बिटवर चालतंय, तिथं कितीबी खटपट करा, उपयोग न्हाई. डेबियन १२ चा ३२ बिट इन्स्टॉलर घ्या न्हाईतर अँटिएक्स २३ चा, ही दोन्ही बी लिनक्सच. डेबियन १३ घेऊ नका, २०२५ च्या ऑगस्टात ते आलं तवापासनं ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद झाला. २ जीबीत अँटिएक्स हलकं पडंल.

तिसऱ्याबद्दल विचारतो. ज्या सकाळी बंद पडला त्याच्या आदल्या रात्री चार्जर लावलेला होता का?

चिकोडी_लिनक्स
पहिल्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जा, सिक्युअर बूट (सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) बंद करा आणि लेगसी, म्हणजे मशीन सुरू व्हायची जुनी पद्धत, चालू करा. माझ्याकडं असंच झालं होतं, लेगसी केल्यावर लगेच चाललं.

निपाणी_दुरुस्ती
दादा, तुमचं चाललं असंल, पण बाईंना हे सांगू नका. त्यांचं ते १०० एमबीचं पार्टिशन म्हंजे यूईएफआयचं, मशीन सुरू व्हायच्या नव्या पद्धतीचं. मिंट यूईएफआयनं बसवून मग लेगसी लावली तर जे थोडंफार दिसतंय तेबी दिसायचं बंद हुईल. पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीनं चालू झाला, डिस्कबी त्याच पद्धतीनं चालू व्हायला पायजे. दुकानात येणाऱ्या जुन्या मशीनवर ह्योच घोळ सगळ्यात जास्त बघतो मी.

बाई, पेन ड्राइव्हवरनं मिंट चालू करून फाइल मॅनेजरमध्ये फाइल सिस्टिम उघडा, त्यात सिस, त्यात फर्मवेअर. तिथं ईएफआय नावाचा फोल्डर दिसतोय का बघा. दिसला तर यूईएफआय, न्हाई दिसला तर लेगसी. आणि चालू करताना बूट मेनू काढून त्यात काय काय नावं येत्यात ते जसंच्या तसं लिहून पाठवा.

वाचनालय_खानापूर
सांगितल्याप्रमाणे बघितलं. पहिल्यात ईएफआय फोल्डर आहे. बूट मेनूत पेन ड्राइव्ह सोडला तर एकच नाव, विंडोज बूट मॅनेजर. मिंटचं नाव कुठंच नाही.

तिसऱ्यात ईएफआय फोल्डर नाही. आणि चार्जरबद्दल तुम्ही विचारल्यावर मी डोकं धरून बसले. या लॅपटॉपची बॅटरी पूर्ण गेलेली आहे, चार्जर काढला की बंद. आमच्याकडं पाऊस धरला की लाईटचा भरवसा नसतो. दोन्ही वेळा आदल्या रात्री लाईट गेली होती. मला वाटलं लाईटमुळं डिस्क बिघडली.

निपाणी_दुरुस्ती
डिस्क चांगली हाय. आत नाण्यायेवढा एक सेल असतोय, ३ व्होल्टचा, सीआर २०३२. घड्याळ आणि बायोसच्या सेटिंगा तो सांभाळतोय. तुमचा संपला. चार्जर लावलेला हाय तोवर तिकडनं करंट मिळतोय, म्हणून चालतंय. लाईट गेली की घड्याळ मागं, सेटिंगा कारखान्यातनं आल्यावर होत्या तशा. तुम्ही मिंट लेगसीत बसवलाय आणि ह्या मशीनची मूळ सेटिंग यूईएफआय असणार. सेटिंग मूळ जागी गेली की डिस्क समोर असून सापडत न्हाई.

आत्ता बायोसमध्ये जाऊन लेगसी निवडून सेव्ह करा. परत न बसवता जुनंच मिंट चालू हुईल. मग सेल बदला. लॅपटॉपात बरेचदा तो दोन वायरी आणि पिनसकट गुंडाळून येतोय, तसाच मागा. नुसता सेल आणून वायरी डकवायच्या भानगडीत पडू नका.

शहापूर_बेळगाव
मी सहा वर्षं झाली लिनक्सवरच काम करालोय. पहिल्या लॅपटॉपचं मला असं दिसालंय.

मिंट बसताना त्या छोट्या पार्टिशनमध्ये आपला फोल्डर टाकतं आणि मशीनच्या मेमरीत आपलं नाव लिहून ठेवतं. काही जुनी मशीनं हे नाव ठेवून घेत नाहीत. रिस्टार्ट झालं की परत विंडोज बूट मॅनेजर. आणि तुम्ही ते पार्टिशन पुसलं नाही, त्यामुळं विंडोजची बूट फाइल तिथंच आहे. निळा पडदा तीच फाइल दाखवालीय. आपलं विंडोज शोधून तिला सापडत नाही.

पार्टिशनला हात लावला नाही ते चांगलंच केलात. सरळ होईल. आधी त्यातलं सगळं एका पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. मग मिंट पेन ड्राइव्हवरून चालू करून ते छोटं पार्टिशन रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन उघडा, राइट क्लिक केल्यावर पर्याय येतो. आत ईएफआय, त्यात तीन फोल्डर असतील: बूट, मायक्रोसॉफ्ट आणि उबुंटू. मिंटचं नाव नाही म्हणून शोधत बसू नका, मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभं आहे म्हणून फोल्डरचं नाव उबुंटू.

मायक्रोसॉफ्ट फोल्डरचं नाव बदला, मागं जुनं एवढं जोडलं तरी पुरे. आता बूट फोल्डर. त्यात बूटएक्स६४ डॉट ईएफआय फाइल आहे, तिचंही नाव बदला. मग उबुंटू फोल्डरमधल्या शिमएक्स६४, ग्रबएक्स६४ आणि एमएमएक्स६४ या तीन फाइल बूट फोल्डरमध्ये कॉपी करा आणि त्यातल्या शिमएक्स६४ ला बूटएक्स६४ हे नाव द्या. बाकी दोन्ही आहे त्याच नावानं राहू देत.

कारण असं: लिहून ठेवलेलं नाव चाललं नाही तर यूईएफआय ठरलेल्या एका जागी बघतं, ईएफआय मधल्या बूट फोल्डरात, आणि तिथं याच नावाची फाइल शोधतं. पेन ड्राइव्ह चालू होतो तोही याच वाटेनं. आपण तिथं विंडोजच्या ऐवजी मिंट ठेवलो. सिक्युअर बूट बंद करायची गरज पडू नये, शिमवर मायक्रोसॉफ्टची सही असते.

वाचनालय_खानापूर
पहिला चालू झाला! बंद-चालू करून पाच वेळा बघितला. फाइलच्या नावात इंग्रजी अक्षर मोठं का लहान यानं फरक पडला तर काय या काळजीनं हात थांबला होता, पण ते पार्टिशन फॅट पद्धतीचं, तिथं मोठं-लहान अक्षर एकच धरतात, त्यामुळं चालतं असं दिसलं.

तिसऱ्यात लेगसी निवडल्याबरोबर मुलांनी काढलेली चित्रंसुद्धा जशीच्या तशी मिळाली. दुसऱ्यांदा परत बसवताना मी आधीची पुसून टाकली होती, त्याचं वाईट वाटलं. सेलसाठी बेळगावला गेले. पहिल्या दोन दुकानांत नुसता सेल दाखवला, तिसऱ्यात वायरवाला मिळाला. काल रात्री मुद्दाम चार्जर काढून ठेवला, सकाळी वेळ बरोबर होती.

दुसऱ्यावर अँटिएक्स बसलं. ब्राउझर उघडायला वेळ घेतो, पण टायपिंगला उत्तम.

आता एक शेवटचं. आमच्याकडं निम्मी मुलं मराठी शाळेची, निम्मी कन्नड शाळेची. दोन्ही टाइप करता यायला पाहिजे, आणि दोन वेगळे कीबोर्ड पाठ करायला लावायला नकोत.

शहापूर_बेळगाव
कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट, म्हणजे कुठल्या बटणाला कुठलं अक्षर याची मांडणी, वाढवा. यादीत कन्नड कगप आहे, कन्नड गणक परिषदेचा. त्याच पद्धतीचा मराठी कगपसुद्धा तिथंच सापडेल, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. इंग्रजी के चं बटण दाबलं की मराठीत क, कन्नडमध्येही कन्नडचा क. शिफ्टबरोबर दाबलं तर दोन्हीकडं ख.

वाचनालय_खानापूर
तिन्हीवर लावलं. आज आठवीतल्या एका मुलीनं आपलं नाव आधी कन्नडमध्ये लिहिलं, मग लेआउट बदलून तीच बटणं दाबली, आणि खाली मराठीत तेच नाव आलं. आता सगळ्यांना आपापलं नाव तसं लिहून बघायचंय, रांग लागली आहे.