ऑफिसातले निरोप: 'मेल भेटला', 'कारवाई करा', 'आठ दिवसांत देतो'

टेबल नं. ५ विचारतात:
आमच्या विभागात पुणे, मुंबई, नागपूर अशी तिन्हीकडची माणसं आहेत. आपापसातले निरोप मराठीत आणि सरकारी कार्यालयांशी पत्रव्यवहारही मराठीत. रोज कुठल्यातरी शब्दावर अडतं. 'तुमच्या अर्जावर कारवाई सुरू आहे' असं एकाने लिहिलं तर समोरचा घाबरला. 'मेल भेटला' चूक की बरोबर, हा वाद तर संपतच नाही. मेल, मीटिंग, फाइल हे शब्द राहू द्या, त्यांचा कुणाला त्रास नाही. ज्या मराठी शब्दांनी घोळ होतो ते सांगा.

आवक-जावक:
आधी कारवाई. कार्यवाही म्हणजे काम पुढे सरकवणं आणि कारवाई म्हणजे बडगा. अर्जावर, प्रस्तावावर, बिलावर कार्यवाही होते. उशिरा येणाऱ्यावर किंवा थकबाकीदारावर कारवाई होते. 'पुढील कारवाईसाठी सादर' ही शेऱ्यातली नेहमीची चूक, तिथे 'पुढील कार्यवाहीसाठी' हवं.

तसाच 'खुलासा'. मराठी ऑफिसात खुलासा मागवला म्हणजे 'असं का झालं ते लेखी सांगा', आणि त्यात थोडा ठपका येतोच. हिंदीत खुलासा म्हणजे गौप्यस्फोट, त्यामुळे हिंदी बातम्यांवर वाढलेल्या सहकाऱ्याला त्यातून भलतंच कळतं. नुसती माहिती हवी असेल तर 'माहिती द्यावी' म्हणा, मत हवं असेल तर 'अभिप्राय द्यावा'. पाच हजारांच्या बिलातल्या फरकासाठी 'खुलासा करावा' लिहिलंत की माणूस आधी वकिली भाषेत उत्तर लिहायला बसतो आणि बिल तसंच पडून राहतं.

आणि ते 'करण्यात यावे' टाळा. 'माहिती तातडीने सादर करण्यात यावी' हे वाक्य पाच शाखांना गेलं की प्रत्येकीला वाटतं दुसरी करेल, कारण त्यात कर्ताच नाही. 'लेखा शाखेने मार्च महिन्याची माहिती १० तारखेपर्यंत पाठवावी' असं लिहा. 'पर्यंत' म्हटलं की १० तारीख धरली जाते, '१० तारखेपूर्वी' म्हटलं की ९ तारीख शेवटची. '१० तारखेच्या आत' कुणी असं धरतं, कुणी तसं. पत्रात नको.

सीताबर्डी:
'भेटला'बद्दल. प्रमाण मराठीत माणसं भेटतात, वस्तू मिळतात. बोलीत, मुंबईत तर सर्रास, वस्तूही भेटते. तोंडी बोलण्यात कुणाला टोकू नये, अर्थ कळतोच. पत्रात मात्र 'मिळाला', किंवा सरळ 'पोहोचला'.

खरा घोटाळा होतो तो 'बोलणे'मुळे. मुंबईकर म्हणतो, 'साहेब मला बोलले', म्हणजे साहेबांनी सांगितलं. पुणेकर ऐकतो, साहेब रागावले. 'साहेबांनी सांगितलं' किंवा 'साहेब म्हणाले' लिहिलं की दोघांना एकच कळतं.

आमच्या नागपूरकडचं 'रिपोर्ट करून राहिलो' म्हणजे काम चालू आहे, करतो आहे. पुण्याच्या कानाला त्यातलं फक्त 'राहिलो' लागतं आणि 'करायचं राहिलं' असं वाटतं. अर्थ अगदी उलटा. बोली सोडायची गरज नाही, पण कामाची स्थिती सांगताना 'चालू आहे, दुपारी चारला देतो' एवढं जोडा.

दीडपट:
वेळेचे शब्द राहिलेच की.

'परवा' मागेही जातो आणि पुढेही. 'परवा पाठवलं', 'परवा पाठवतो' इथे क्रियापद सांभाळून घेतं. 'परवाच्या मीटिंगचा विषय?' असं लिहिलं की झालेली की व्हायची, ते कळायला मार्ग नाही. वार लिहा.

'आठ दिवसांनी' म्हणजे बोलण्यात एक आठवडा. या सोमवारी म्हटलं तर पुढचा सोमवार, कारण दोन्ही टोकं मोजली जातात. 'पंधरा दिवस' म्हणजे तसेच दोन आठवडे. बाहेरून आलेला सहकारी बोटं मोजतो आणि एक दिवस चुकतो. मुदत असेल तिथे तारीख.

पावणेदोन लाख म्हणजे १,७५,०००, सव्वादोन लाख म्हणजे २,२५,०००. पावणे म्हणजे पुढच्या आकड्याला पाव कमी. फोनवर रक्कम सांगितली तरी मेलमध्ये आकडाच हवा, इथली चूक थेट पैशात जाते.

सुट्टी आणि रजाही वेगळ्या ठेवा. सुट्टी ऑफिसला असते, रजा आपण मागून घेतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सुट्ट्या. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला ८ दिवस मिळते ती नैमित्तिक रजा, बोलण्यात किरकोळ रजा. 'उद्या सुट्टी आहे' असा निरोप ग्रुपवर पडला तर निम्मे लोक विचारतात, कसली? 'उद्या मी रजेवर आहे' म्हटलं की प्रश्न मिटला.

टेबल नं. ५:
आभार. या मजकुरात अजून काही खटकतं का? 'आपण अहवाल तपासून शुक्रवारपर्यंत पाठवू या. आपण त्यावर अभिप्राय द्यावा.'

आवक-जावक:
'आपण' खटकतो. पहिल्या वाक्यात तो 'तुम्ही आणि मी', दुसऱ्यात आदराचा 'तुम्ही'. वाचणाऱ्याला वाटेल अहवाल दोघांनी मिळून तपासायचा आणि अभिप्रायही दोघांनी द्यायचा. 'मी अहवाल तपासून शुक्रवारपर्यंत पाठवतो. तुम्ही सोमवारपर्यंत अभिप्राय द्यावा.' वरिष्ठांना 'तुम्ही' नको वाटत असेल तर दुसऱ्या वाक्यात 'मॅडम, आपला अभिप्राय सोमवारपर्यंत मिळावा, ही विनंती' चालेल. पहिल्यातलं 'मी' मात्र काढू नका.