प्रतिसाद: हिवाळ्यात स्पोर्ट्स कार
स्पोर्ट्स कार रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनाचा जोर मागच्या चाकांना) आहे म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल गाडी झाकूनच ठेवायची, हे वर म्हटलंय ते अर्धंच पटलं. मी कॅनडात माँट्रियालला मियाटा (माझदाची छोटी, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार) चार हिवाळे रोज चालवलीये, खरा घोळ टायरचा असतो. माँट्रियाल ज्यात येतं त्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात, ते लावले की सिग्नलवरून निघताना शेपूट जरा हलते पण गाडी ऐकते. ताजा बर्फ बंपरपर्यंत आला की मात्र गाडीचं फावडं होतं, त्या दिवशी गुपचूप मेट्रो.

पण झाकून ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, हे कोणी लिहिलं नाहीये. समर टायरचं रबर ७ डिग्रीखाली कडक होतं हे माहीत असतं, पण उणे ७ च्याही खाली गेलं की गाडी नुसती पुढेमागे सरकवली तरी त्याला चिरा पडू शकतात. माझे दोन टायर असेच गेले, फेब्रुवारीत गॅरेजमधून स्नो ब्लोअर (बर्फ उडवून बाजूला करायचं मशीन) काढायला गाडी हातभर मागे घेतली, बस्स तेवढंच! वॉरंटीत बसेल म्हणून विचारायला गेलो तर दुकानदार नुसता हसला.