आयफोन १५ की गॅलॅक्सी एस२४ : आमच्या घरात दोन्ही आहेत

तुम्ही म्हणताय वापर साधाच आहे, म्हणजे कॉल, व्हॉट्सॅप, यूपीआय आणि मुलांचे फोटो, मग आयफोन १५ घेऊ की एस२४. बायकोकडे आयफोन आहे आणि माझ्याकडे सॅमसंगचा एस२४, त्यामुळे भांडणाचा अनुभव दांडगा आहे :)

प्रोसेसर बिसेसर सोडून द्या हो, दोन्ही फोन तुमच्या कामाला पुरून उरतात. मी सिमचं बघितलं. आयफोनमध्ये सिम एकच बसतं, दुसरं ई-सिम (म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) घ्यावं लागतं, आणि एस२४ मध्ये दोन बसतात. गावी गेलो की माझ्या रोजच्या कंपनीची रेंज घाटातच जाते, मग भावाकडचं जादाचं सिम घ्यायचं, आईच्या कानातल्याच्या टोकाने ट्रे काढायचा (ती पिन कधी वेळेला सापडलीये का?) आणि टाकायचं, मेन सिम काढावं लागत नाही, रेंज आली की त्यावरचे ओटीपी येतात.

स्क्रीन पण बघा, एस२४ ची १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकते, आयफोन १५ ची ६०. बायकोला काही फरक कळत नाही, मला मात्र तिचा फोन हातात घेतला की स्क्रोल करताना लगेच खटकतं.

पण व्हिडिओ म्हणाल तर आयफोनच. पोरीच्या गॅदरिंगला लाल-निळ्या लाइटमध्ये दोघांनी शूट केलं, घरी येऊन शांतपणे बायकोचाच व्हिडिओ ग्रुपवर टाकला. चार्जर दोघांच्याही बॉक्समध्ये नाही, केबल टाइप-सी, एकच पुरते.

बाकी बायकोच्या माहेरी सगळ्यांकडे आयफोन, फोटो एअरड्रॉपने (अ‍ॅपलची जवळच्या फोनवर वायरशिवाय फोटो पाठवायची सोय) फिरतात आणि मी आपला कोपऱ्यात. तुमच्या घरी कोणाकडे काय आहे?